इंद्रायणाच्या अर्कासाठी एमटीटी की एसआरबी?

इंद्रायणाचा मेथॅनॉल अर्क तयार आहे, पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) पेशी आल्या आहेत किंवा येणार आहेत, आणि गाइडनं विचारलंय की सायटोटॉक्सिसिटी, म्हणजे अर्क पेशींना किती मारतो याची चाचणी, कशानं करणार. एमटीटी आणि एसआरबी या त्यासाठीच्या दोन चाचण्या, दोन्ही रंगावरून पेशींचा अंदाज घेणाऱ्या. नागपुरात एम.एस्सी., एम.फार्म. किंवा पीएच.डी. करणारी मंडळी या टप्प्यावर आली की बहुतेक वेळा एमटीटी लिहून मोकळी होतात. प्रयोगशाळेत तिचाच प्रोटोकॉल असतो आणि सीनियरांनीही तीच केलेली असते. मी दोन्ही वापरल्या आणि मग एसआरबीवर स्थिरावलो. माझं मत सगळ्यांना लागू होईल असं नाही. पण वाळवंटी वनस्पतीचा कच्चा अर्क घेऊन बसलेल्यानं तरी निवडीआधी थोडं थांबावं, म्हणून हे लिहितोय.

वनस्पतीबद्दल थोडक्यात. इंद्रायण, म्हणजे कडू वृंदावन, थरच्या वाळूत रांगत वाढतं. इतवारीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात नुसतं नाव सांगून माल घेऊ नका, कारण 'लाल इंद्रायण' हे नाव भोपळ्याच्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीला आहे. शक्यतो पान-फुलासकट नमुना राजस्थानातून आणा किंवा मागवा, आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पटवून घ्या आणि व्हाउचर नंबर (जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक) जपून ठेवा. गर दळताना तोंडाला मास्क हवाच. ती पूड घशात गेली की दिवसभर कडू लागत राहतं.

पेशींआधी त्याच अर्काच्या जिवाणूंवरच्या चाचणीचं. इथं माझ्या मनात फारशी ओढाताण नाही. वेल डिफ्यूजन (अगारच्या प्लेटमधल्या खळग्यात अर्क घालणं) स्वस्त आहे, खळग्याभोवतीचा जिवाणू न वाढलेला झोन फोटोत छान दिसतो आणि व्हायवात दाखवायला सोपा पडतो. पण झोनचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: द्रव्य जिवाणूला किती मारतं आणि ते अगारमधून किती पसरतं. इंद्रायणातली कुकर्बिटासिन ही कडू द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे ती खळग्याच्या काठाशीच रेंगाळतात. झोन लहान आला म्हणून अर्क दुबळा म्हणायचं आणि मोठा आला म्हणून जोरदार, याला आधार उरत नाही. म्हणून पहिली चाळणी म्हणून झोन पाहा आणि प्रबंधात आकडा एमआयसीचा, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेचा, द्या. ती काढायच्या ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनला (छोट्या खळग्यांत द्रव माध्यमात अर्क पातळ करत जाणं) अर्क कमी लागतो, आणि लांबून आणलेल्या मालाच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. एक बारकावा बऱ्याचदा निसटतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा एटीसीसी (अमेरिकेतला संग्रह) २५९२३ हा डिस्क ठेवून झोन पाहण्यासाठीचा क्वालिटी कंट्रोल स्ट्रेन आहे, एमआयसीसाठी २९२१३ मागवा. आणि कच्च्या अर्काची एमआयसी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली तर त्याला 'प्रभावी' म्हणण्याचा मोह टाळा. १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर मात्र पुढं जाण्यासारखं काहीतरी आहे.

मे महिन्यात हे सगळं करणार असाल तर इन्क्युबेटरकडे आधी पाहा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४२ अंशांवर असेल तर तो ३७ वर थांबणार कसा? थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो, नाहीतर एसी असलेली खोली. कूलरसमोर प्लेट उघडणं हा विषयच नको.

पेशींकडे येऊ. एमटीटीची पद्धत १९८३ची, एसआरबीची १९९०ची. दोन्ही जुन्या, दोन्ही जगभर मान्य. एमटीटीमध्ये जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, जांभळे फॉर्मॅझानचे स्फटिक बनवतात. एसआरबीमध्ये पेशी ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडनं जागच्या जागी पक्क्या करतात आणि मग त्यांच्या प्रथिनांना गुलाबी रंग चढवतात. म्हणजे एमटीटी पेशीचं चयापचय मोजते आणि एसआरबी पेशीचा ऐवज. कागदावर पाहिलं तर एमटीटीच उजवी वाटते, कारण पेशी जिवंत आहे का, हा प्रश्न ती थेट विचारते. शुद्ध रेणू हातात असेल तर मीही तिच्याविरुद्ध फार बोलणार नाही.

माझं गणित फिरलं ते पेशी नसलेल्या वेल्समुळे, म्हणजे प्लेटवरच्या खळग्यांमुळे. प्लेटच्या एका बाजूला नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी, असे कंट्रोल ठेवले होते. तिथं जांभळं व्हायला काहीच कारण नव्हतं, तरी वेल्स जांभळ्या झाल्या. डोस जितका वर, रंग तितका गडद. पलीकडे पेशी असलेल्या वेल्समध्ये त्याच वरच्या डोसला सूक्ष्मदर्शकाखाली एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) गोल होऊन, आक्रसून तळ सोडताना दिसत होत्या. रंग मोजणाऱ्या प्लेट रीडरचा आलेख मात्र खाली येत येत शेवटी पुन्हा वर चढला होता. डोळ्याला मेलेल्या दिसणाऱ्या पेशी आकड्यात जिवंत होत होत्या.

याचं कारण वनस्पतीच्या स्वभावातच आहे. रणरणतं ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती स्वतःला वाचवायला फिनॉलिक द्रव्यं आणि फ्लॅव्होनॉइड साठवतात. ही द्रव्यं इलेक्ट्रॉन द्यायला तत्पर असतात, म्हणून तर आपण त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतो. आणि एमटीटीला जांभळं व्हायला इलेक्ट्रॉनच हवे असतात, ते पेशीनं दिले की अर्कानं, हे तिला कळत नाही. दोन्ही बाजूंची साक्ष एकाच माणसानं द्यावी तसं ते होतं. हा माझ्या प्रयोगशाळेपुरता अनुभव नाही. वनस्पती अर्क एमटीटीत ढवळाढवळ करतात यावर 'प्लांटा मेडिका'त २००२ सालीच पेपर आलेला आहे. ज्या गुणासाठी आपण डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट चाचणी करून प्रकरण दोन सजवतो, तोच गुण प्रकरण चारमधला आयसी५० (पेशी निम्म्यावर आणणारी मात्रा) बिघडवतो, हे लक्षात आल्यावर माझा एमटीटीवरचा जीव उडाला.

उपाय नाहीत असं नाही. पेशी नसलेल्या वेल्सचं रीडिंग वजा करता येतं. पण पेशी असताना अर्काचा काही भाग त्या शोषून घेतात, काही बदलून टाकतात, त्यामुळे दोन्हीकडचं क्षपण सारखंच असेल याची हमी कोण देणार? दुसरा उपाय म्हणजे एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून बफरनं धुणं. हा बरा आहे, आणि एमटीटीच करायची असेल तर हे धुणं चुकवू नये. इंद्रायणाच्या बाबतीत मात्र तो पुरता लागू पडत नाही. कुकर्बिटासिन ई पेशीच्या आतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्यावर घाव घालतं. सांगाडा ढासळला की पेशी तळाशी धड चिकटून राहत नाहीत. धुताना त्या वाहून जातात, आणि मग मेलेल्या किती नि पिपेटनं ओढलेल्या किती, हे सांगता येत नाही.

एसआरबीत हा गुंता बराच सुटतो. ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड माध्यम न काढता वरून हळूच सोडायचं असतं, म्हणजे सुटायला आलेल्या पेशींचाही बराच भाग तळाशी बसतो. हात इथं हलका लागतो. मग ४ अंशांवर तासभर ठेवून पाण्यानं धुतलं की अर्क, त्याची फिनॉलिक द्रव्यं आणि त्याचा तपकिरी रंग बहुतांशी निघून जातो. रंग त्यानंतर घालायचा. रंग येतो तेव्हा अर्क तिथं नसतोच, आणि माझ्यासाठी निर्णय इथंच झाला.

एसआरबीच्याही तक्रारी आहेत. मेलेली पेशी तळाशी चिकटून राहिली तर तिचीही प्रथिनं रंग घेतात, म्हणून काही वेळा विषारीपणा थोडा कमी दिसू शकतो. सीरमची प्रथिनं ॲसिडनं साकळून तळाला बसतात, तेव्हा धुणं अर्धवट राहिलं तर पार्श्वभूमी चढते. म्हणून पेशीविरहित वेल्स इथंही हव्यात. धुण्याचं काम कंटाळवाणं आहे, एका प्लेटला बराच वेळ जातो. आणि के-५६२ किंवा एचएल-६० सारख्या रक्ताच्या कर्करोगाच्या तरंगणाऱ्या पेशींवर काम असेल तर एसआरबी मी सुचवणार नाही. तिथं पेशी तळाला बसवण्यासाठी ॲसिडचं प्रमाण बदलावं लागतं आणि तरी मन साशंक राहतं. त्यांच्यासाठी धुण्याची काळजी घेऊन एमटीटी, किंवा मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या ट्रायपॅन ब्लूनं सरळ मोजणी.

एसआरबीची एक गोष्ट फार कमी जण वापरतात. अर्क घालण्याच्या क्षणी एक प्लेट पक्की करून ठेवा. शेवटचं रीडिंग त्या शून्य-वेळेच्या प्लेटपेक्षा वर पण अर्क नसलेल्या पेशींपेक्षा खाली असेल तर अर्कानं वाढ मंदावली, खाली असेल तर पेशी मारल्या. जीआय५० (वाढ निम्मी करणारी मात्रा), टीजीआय (वाढ पूर्ण थांबवणारी) आणि एलसी५० (निम्म्या पेशी मारणारी) हे तीन आकडे यातूनच निघतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं साठ पेशीवंशांची छाननी कित्येक वर्षं याच पद्धतीनं केली. खारघरच्या ॲक्ट्रेकमधली (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातली) औषध छाननीची सोयही एसआरबीचीच. उद्या तुमच्या अर्काचा वेगळा केलेला घटक (फ्रॅक्शन) तिकडे पाठवायची वेळ आली तर तुमचे आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवता येतील.

नागपूरच्या परिस्थितीतही मला एसआरबी सोयीची पडली. अनेक ठिकाणी प्लेट रीडर आपल्या विभागात नसतो. दुसऱ्या विभागाची वेळ घ्यावी लागते, तिकडचं यंत्र कधी दुसऱ्याच्या कामात असतं. एमटीटीत स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवले की रीडिंग लांबवता येत नाही. ऐन वेळी वीज गेली तर ती प्लेट गेल्यातच जमा. एसआरबीची पक्की केलेली, वाळवलेली प्लेट मात्र थांबते. आज वाळवली, सोमवारी वाचली तरी चालतं. आपल्या उन्हाळ्यात ती वाळतेही भराभर.

शब्दांबद्दल एक आग्रह धरतो. दोन्ही चाचण्यांतून जे मिळतं ती सायटोटॉक्सिसिटी असते. व्हेरो किंवा एचईके-२९३ सारख्या, कर्करोगाच्या नसलेल्या पेशी सोबत घेतल्या नाहीत, सिलेक्टिव्हिटी इंडेक्स (अशा पेशींच्या आणि कर्करोगाच्या पेशींच्या आयसी५०चं गुणोत्तर) काढला नाही, तर 'कर्करोगविरोधी' हा शब्द शीर्षकात घालू नये. इंद्रायण हे तीव्र रेचक आहे, जास्त पोटात गेलं तर आतड्याला सूज येऊन रक्ती जुलाब होतात. तुमच्या प्रबंधाची बातमी मोबाइलवर फिरत एखाद्या रुग्णाच्या घरी पोचली आणि कुणी त्याचा काढा करून दिला, तर तो रुग्ण आणखी खंगेल. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचा पॉझिटिव्ह कंट्रोल लावा, त्याचा आकडा आपल्या आकड्याशेजारी छापा, म्हणजे वाचणाऱ्याला अंतर दिसेल. कच्च्या अर्काचा आयसी५० साधारण २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत आला तर फ्रॅक्शनेशनकडे (अर्काचे घटक वेगळे करण्याकडे) वळायला हरकत नाही.

अजूनही ठरत नसेल तर पेशी गोठवलेल्याच ठेवा. एक रिकामी ९६ वेल्सची प्लेट घ्या, त्यात नुसतं माध्यम, तुमच्या अर्काचे सगळे डोस आणि एमटीटी घाला, चार तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून पाहा. प्लेट पिवळी राहिली तर एमटीटी खुशाल करा. जांभळी झाली, आणि वाळवंटी वनस्पतीच्या मेथॅनॉल अर्काला ती होण्याचीच शक्यता मला जास्त वाटते, तर एसआरबीचा रंग मागवा.