हॅपीकाऊ: अनोळखी मुलुखात व्हीगन जेवण शोधायला कितपत कामाचं?

दूध, तूप, दही, अंडी, मध, मांस, मासे यांतलं काहीच न खाणाऱ्याला, म्हणजे व्हीगन माणसाला, नव्या मुलुखात पाऊल टाकण्याआधीच जेवणाची चिंता लागते. या कामासाठी जुनं आणि अजूनही पहिल्यांदा उघडावं असं साधन म्हणजे हॅपीकाऊ. १९९९ साली संकेतस्थळ म्हणून ते सुरू झालं, आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर त्याचं ॲप आहे. मोठ्या शहरात चार दिवस काढायचे असतील तर ते एकटं पुरतं. पण अख्खा प्रदेश पालथा घालायचा असेल, म्हणजे दोन-तीन शहरं, मधली गावं आणि त्यांना जोडणारा रस्ता, तर ते अपुरं पडतं. कुठे आणि का अपुरं पडतं हे कळलं, की उरलेलं काम आपल्याला हातानं करता येतं.

आधी रंग समजून घ्या. हिरवी खूण म्हणजे पूर्ण व्हीगन जागा. जांभळी म्हणजे शाकाहारी, तिथे दूध-अंडी असू शकतात. लाल म्हणजे मांसाहारी हॉटेल, पण व्हीगन पदार्थ देणारं. नवखे लोक फक्त हिरवा रंग चालू ठेवतात, नकाशा रिकामा दिसतो आणि ‘इथे काही मिळत नाही’ म्हणून बिस्किटांचे पुडे भरून घेतात. ही सर्वांत मोठी चूक. जांभळ्या जागांच्या स्वयंपाकघराला भाजी, डाळी, टोफू यांची सवय असते. तिथे बहुतेक वेळा लोणी किंवा चीज वगळायला सांगितलं की ताट तयार होतं. लाल रंगाचा मात्र भरवसा नाही. त्यात वेगळं व्हीगन मेनूकार्ड ठेवणारी उत्तम हॉटेलंही येतात आणि एका सॅलडवर बोळवण करणारीही. म्हणून लाल जागा वर्णन वाचल्याशिवाय यादीत घेऊ नये, आणि वाचल्याशिवाय गाळूही नये.

एखादी नोंद उघडली की बहुतेकांची नजर ताऱ्यांवर जाते. ते सर्वांत शेवटी बघा. आधी शेवटच्या अभिप्रायाची तारीख पाहा. ती सहा महिन्यांच्या आतली असेल तर जागा चालू असण्याची शक्यता चांगली. वर्ष उलटून गेलं असेल तर फोन केल्याशिवाय वाट वाकडी करू नका. मग वर्णन शेवटपर्यंत वाचा. ‘कॉफीला गाईचं दूध मिळतं’, ‘काही गोड पदार्थांत मध’, ‘अमुक पदार्थ व्हीगन करून मागावा लागतो’ अशी कामाची वाक्यं वर्णनात मागे कुठेतरी असतात. त्यानंतर छायाचित्रं. ताटाचा सुंदर फोटो फारसं काही सांगत नाही, मेनूकार्डाचा फोटो शोधा. तो स्पष्ट असेल तर अर्धं काम घरी बसून होतं.

तारे शेवटी बघायचे ते एवढ्यासाठी, की ते गावागणिक बदलतात. जिथे व्हीगन हॉटेलं पन्नास आहेत तिथले अभिप्राय चोखंदळ असतात. जिथे एकच आहे तिथे दोन दिवस उपाशी फिरलेला माणूस साध्या बीन बर्गरलाही पाच तारे देऊन जातो. त्यात त्याची लबाडी नाही, भूक आणि कृतज्ञता आहे. पण त्या गावातले पाच तारे आणि महानगरातले चार तारे एका तराजूत घालू नयेत. तुलना करायची ती एकाच गावातल्या दोन जागांची.

आणखी एक बारीक गोष्ट. यादीत उपाहारगृहांच्या जोडीला बेकऱ्या, आइस्क्रीमची दुकानं, आरोग्य-खाद्याची दुकानं, फूड ट्रक, केटरिंगवाले, मुक्कामाच्या जागा असं सगळं येतं. वीस खुणा दिसल्या म्हणजे वीस ठिकाणी जेवायला मिळेल असं नाही. प्रकारांची गाळणी लावा आणि मगच मोजा.

ही सगळी माहिती बहुतांशी वापरणाऱ्यांनी हौसेने भरलेली आहे. ताकद तीच आणि कमजोरीही तीच. छोटी व्हीगन हॉटेलं उघडतात तशी बंदही होतात, आणि बंद झाल्याचं कोणी कळवेपर्यंत खूण नकाशावर राहते. आपण ठरवलेली प्रत्येक जागा गूगल मॅप्सवर पुन्हा तपासून घ्या. तिथे ताजे फोटो, सुट्टीचा वार आणि फोन क्रमांक मिळतो. फोन दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर, साधारण तीन ते पाचच्या दरम्यान करावा. भर गर्दीत उचललेल्या फोनवर ‘हो हो, मिळेल’ यापलीकडे उत्तर येत नाही. नावाची गफलतही नेहमीची आहे. ॲपमध्ये नाव रोमन लिपीत आणि दारावर पाटी स्थानिक लिपीत. स्थानिक लिपीतलं नाव गूगल मॅप्सवरून उचलून फोनमध्ये ठेवा, रिक्षा-टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं.

आता मुख्य उणीव. हॅपीकाऊवर बहुतांशी त्या जागा सापडतात ज्या स्वतःला व्हीगन किंवा शाकाहारी म्हणवतात, किंवा ज्यांना कोणीतरी तसं ओळखलं. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडात व्हीगन सोसायटी स्थापन झाली तेव्हाचा. त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून जगभर उपवासासाठी, व्रतासाठी, मठ-मंदिरांच्या नियमापोटी प्राणिज पदार्थ वगळून स्वयंपाक होत आला आहे. त्या खानावळींच्या पाटीवर ‘व्हीगन’ लिहिलेलं नसतं. तिथला शब्द वेगळा असतो, आणि तो शब्द ठाऊक असेल तर ॲप बंद ठेवूनही पोट भरतं.

थायलंडचं उदाहरण घ्या. तिथे पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत एक खूण दिसते, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी. ते थाई अक्षरांत लिहिलेलं ‘जे’. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या भाज्याही नाहीत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा उत्सव असतो, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा अशा पताका जिकडेतिकडे लागतात. एरवीही बाजाराच्या कडेला एखादा ‘जे’ गाडा सापडतो. पण तिथेच दुसरा शब्द कानावर येईल, ‘मंगसविरात’. नीट ऐकला तर मराठी कानाला ओळखू येतो: मांसविरती. अर्थ शाकाहारी, पण त्यात अंडं आणि दूध चालतं. म्हणून थायलंडमध्ये ‘मंगसविरात’ म्हणून मागवलेल्या नूडल्समध्ये अंडं आलं तर आचाऱ्याची चूक नाही. शब्द आपण चुकीचा वापरला. तिथे म्हणायचं ‘जे’.

व्हिएतनाममध्ये तोच वारसा ‘चाय’ या शब्दात आहे. ‘क्वान चाय’ म्हणजे तशी खानावळ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे प्रतिपदा-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक लोक ‘चाय’ जेवतात. त्या दिवशी तिथे असाल तर दुपार लवकर गाठा. मासळीच्या सॉसऐवजी सोयाबीन वगैरेचा ‘चाय’ सॉस वापरतात. तरी गोड पदार्थ आणि कॉफीला आटवलेलं दूध असू शकतं, तेवढं विचारून घ्यावं.

इथिओपियात शब्द आहे ‘येत्सोम’, उपवासाचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधीच्या दीर्घ उपवासात, मांस-दूध-अंडी सोडतात. ‘बेयाइनेतू’ मागितलं की इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या पोळीवर, मसूर, शिरो (डाळीच्या पिठाचं पिठलं), कोबी, पालेभाज्या असं रंगीत ताट येतं, आणि व्हीगन जेवणात याच्या तोडीचं फार थोडं आहे. मात्र इतर वारी तोच शिरो मसाल्याच्या तुपात, म्हणजे ‘निटर किब्बे’त, केलेला असू शकतो. म्हणून वार कोणताही असो, ‘येत्सोम’ हा शब्द जोडूनच मागा. ग्रीसमध्ये ‘निस्तिसिमो’ हाही उपवासाचाच शब्द, पण तो पुरता भरवशाचा नाही. त्या उपवासाला कालवं, ऑक्टोपस, माकुळ आणि मध चालतात. तिथे ‘लादेरा’ विचारा, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या शेंगा, भेंडी, वांगी असे पदार्थ, आणि वर फेटा चीज घालू नका हे आधीच सांगा. तुर्कस्तानात ‘झेयतिनयाली’ पदार्थ असेच ऑलिव्ह तेलातले, गार वाढायचे. तिथे दही बाजूला येतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

हे शब्द गूगल मॅप्सच्या शोधात स्थानिक लिपीत टाकले की हॅपीकाऊने न दाखवलेल्या जागा वर येतात. मात्र गूगलवर नुसतं ‘व्हीगन’ शोधलं तर अभिप्रायात कोणीतरी तो शब्द वापरला म्हणूनही हॉटेल दिसतं, अगदी ‘इथे व्हीगन काहीच नाही’ असं लिहिलेलं असलं तरी. अशा वेळी त्या जागेच्या अभिप्रायांत तो शब्द शोधून मूळ वाक्य वाचा.

प्रदेशाचा एकत्र नकाशा हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपसारखं, म्हणजे लोकांनीच भरलेल्या मुक्त नकाशासारखं, साधन नाही, आणि याचा वापर फार कमी लोक करतात. त्यात उपाहारगृहाला ‘डाएट:व्हेगन’ (diet:vegan) अशी खूणचिठ्ठी लावता येते. तिची मूल्यं ‘ओन्ली’, ‘यस’, ‘लिमिटेड’ आणि ‘नो’. ‘ओन्ली’ म्हणजे फक्त व्हीगन, ‘लिमिटेड’ म्हणजे मोजकेच पदार्थ. ओव्हरपास टर्बो हे या नकाशात शोध घेणारं संकेतस्थळ उघडा, नकाशा आपल्या प्रदेशावर आणा, विझार्ड या शोधाच्या खिडकीत ती खूणचिठ्ठी आणि मूल्य टाका. पडद्यावर दिसणाऱ्या भागातल्या नोंदी ठिपक्यांनी येतात. फार मोठा भाग घेतला तर शोध अडकतो. मग तो दोन-चार तुकड्यांत करा. निकाल केएमएल किंवा जीपीएक्स या नकाशाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतो. केएमएल गूगलच्या माय मॅप्समध्ये चढवा, जीपीएक्स ऑसमँड या नकाशाच्या ॲपमध्ये. हॅपीकाऊवरच्या जागा त्याच नकाशावर हाताने टाका. दोन्हीकडे असलेल्या जागा पक्क्या धरा, एकीकडेच असलेल्या तपासून घ्या.

रस्त्याच्या प्रवासात दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक बिंदू धरून त्याच्याभोवती शोधा, नुसतं शेवटचं शहर शोधू नका. प्रत्येक जेवणाला एक मुख्य जागा आणि चालत किंवा दहा मिनिटांत गाठता येईल अशी एक राखीव जागा ठेवा. राखीव जागा मुख्य जागेच्याच सुट्टीच्या दिवशी बंद नसावी. सोमवारी दोन्ही बंद, हा अनुभव फार जणांच्या वाट्याला येतो.

टेबलावर बसल्यावर ‘हे व्हीगन आहे का?’ हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा. वेटर भाजी पाहून हो म्हणतो. विचारायचं ते घटकाचं नाव घेऊन. रस्सा कशाच्या पाण्यात केला? स्निग्ध पदार्थ कोणता: तेल, लोणी, तूप की डुकराची चरबी? बांधायला किंवा वरून लावायला अंडं आहे का? बहुतेक घोटाळे या तिन्हींत सापडतात. जपानी मिसो सूपचा वाडगा बघा: वर टोफूचे चौकोन, समुद्री शेवाळ, कांद्याची पात, डोळ्यांना प्राणिज काहीच नाही. पण खालचं पाणी ‘दाशी’ असतं, कोम्बू शेवाळाबरोबर वाळवलेल्या बोनिटो माशाच्या तासलेल्या पातळ कापांचा अर्क. नुसत्या कोम्बूची दाशीही करतात, म्हणून प्रश्न दाशीचाच विचारायचा. किमचीत, म्हणजे कोरियाच्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा, सुका बहुधा नाही. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्ये दुधातलं कॅसिनेट असू शकतं. भाज्यांच्या बर्गर-टिक्कीत अंड्यातला पांढरा भाग अनेकदा बांधणीला जातो. आणि बटाट्याचे काप ज्या कढईत तळले त्यातच मासळी तळली का, हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने ऑर्डर देण्याआधी विचारावं, नंतर विचारून उपयोग नाही.

जागा व्हीगन असणं आणि उत्तम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मेनूकार्ड आखूड असेल, ऋतूप्रमाणे बदलत असेल आणि त्यात डाळी, कडधान्यं, भाज्या यांच्यावर मेहनत दिसत असेल तर आत जा. सगळे पदार्थ पाकीटबंद टिक्की आणि विकतच्या चीजवर बेतलेले असतील तर ते कुठेही सारखंच लागणार, त्यासाठी वळसा नको. सॉस स्वतः करतात का, हा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे. काजूच्या सायीवर फार भर असेल तर दुसऱ्या घासानंतर सगळं जड आणि सपक लागतं. चांगला आचारी तिथे आंबट किंवा आंबवलेलं काहीतरी देतो. काजू, तीळ, सोया यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी व्हीगन हॉटेलात जास्तच सावध राहावं. दुधाची जागा हेच पदार्थ घेतात, आणि सेतान तर निव्वळ गव्हाचं ग्लूटेन.

जेवून उठलात की त्याच दिवशी हॅपीकाऊवर चार ओळी लिहा. ‘छान होतं’ असं नको. काय मागवलं, कोणता घटक विचारून वगळला, मेनूकार्डाचा फोटो, सुट्टीचा वार, एवढं पुरे. जागा बंद दिसली तर बंद असल्याचं कळवा, आणि पाटीवर ‘जे’ किंवा ‘चाय’ लिहिलेली खानावळ यादीत नसेल तर ती स्थानिक लिपीतल्या नावासकट घाला.