नारायण पेठेतलं सलून: कटिंग झकास, प्रवचन फ्री

कटिंगला चार स्टार, गप्पांना दोन. हात हलका आहे काकांचा, ब्लेड समोर बदलतात, टॉवेल धुतलेला. फक्त रविवारी जाऊ नका, नंबर लागेपर्यंत काकांचं सुरू होतं की पूर, भूकंप वगैरे सगळी सरकारच्या पापाची फळं, देव वरून बघतोय.

गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालतं, पण मी घातला. म्हटलं काका, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते धरणाचं काम अर्धवट असताना पाणी साठवलं म्हणून, आणि जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं ते धो धो पाऊस, वरून खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आणि नदीला खेटून वस्ती म्हणून. राजकीय निर्णयांचा संबंध आहेच की, देव कशाला मधे? आणि शिक्षाच असेल तर ती तळमजल्यावरच्या भाडेकरूला का, परवानगी देणाऱ्याला का नाही?

काका पण पुणेरी, ऐकतायत होय! म्हणे १९३४ चा बिहारचा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असं खुद्द गांधीजी म्हणाले होते. हे खरंय, पण टागोरांनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता, ते मी सांगायला गेलो, मान हलली आणि डावा कल्ला थोडा वर गेला. त्याचाच एक स्टार कापलाय.

यूपीआय चालतं. पार्किंग विसरा.