वाफेच्या व्हॉल्व्हला स्प्रिंग घ्यावी की हवेची टाकी?

सोया सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे हेक्झेन या ज्वालाग्राही द्रावकानं सोयाबीनचं तेल काढतात तिथं, लाइन गेली की हेक्झेनची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी थांबतं, बॉयलरमध्ये मात्र वाफ शिल्लक असते. ती टोस्टरकडे, म्हणजे पेंडेतलं हेक्झेन वाफेनं उडवणाऱ्या यंत्राकडे, जात राहिली तर हेक्झेन थंड न होता व्हेंटमधून बाहेर पडतं. ६९ अंशांच्या आसपास उकळणारा हा पदार्थ. त्याची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, म्हणून नाल्यांत, खड्ड्यांत साचून राहते. वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप मिटलाच पाहिजे. तो मिटवायला जोर कुणाचा घ्यायचा, एवढंच ठरवायचं.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या प्लांटमध्ये आधी डबल अ‍ॅक्टिंग अ‍ॅक्च्युएटर होता, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला आणि मिटवायलाही हवाच वापरणारा; जोडीला हवेची टाकी आणि मेन लाइनची हवा गेली की टाकीतली हवा मिटवण्याच्या बाजूला सोडणारा ट्रिप व्हॉल्व्ह. अ‍ॅक्च्युएटर आटोपशीर, दोन्ही बाजूंना पूर्ण जोर, किंमतही बरी. मला ती रचना आवडायची.

बिघडलं ते टाकीच्या तोंडावरच्या, हवा उलटी जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी. पावसाळ्यात प्लांट बंद, टाकीत कॉम्प्रेसरचं पाणी साचलेलं, आतून गंज. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा गंजाचा कण सीटवर अडकून बसला होता, आणि ते कुणाला कळायची सोयच नव्हती. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत टाकीचा गेज ६ बारच दाखवतो, गळती असो की नसो. एका रात्री विजेचा फीडर गेला. मेन लाइनमधली हवा उतरली तशी टाकीतलीही उतरली आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडाच राहिला. आमच्या फिटरभाऊंनी धावत जाऊन हातानं स्टॉप व्हॉल्व्ह मिटवला. कुणाला काही झालं नाही, पण तो हेक्झेनचा वास अजून आठवतो.

पुढच्या हंगामाआधी आम्ही स्प्रिंग रिटर्न बसवला. हवा गेली की स्प्रिंगच व्हॉल्व्ह मिटवते, तिला साठवलेली हवा लागत नाही. तिच्याही तक्रारी आहेत. अ‍ॅक्च्युएटर अंगानं मोठा येतो, कारण हवेचा बराच जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. मिटताना शेवटी स्प्रिंगचा जोर सर्वात कमी असतो आणि सीटवर बसायला तिथंच जास्त लागतो. म्हणून विकत घेताना स्प्रिंगचा शेवटचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) विचारा, सुरुवातीचा नव्हे. स्प्रिंगच्या बाजूचं श्वासछिद्र भुशानं बुजतं, तेही साफ ठेवावं लागतं.

मोठ्या डँपरला किंवा बारा इंची व्हॉल्व्हला स्प्रिंग परवडेलच असं नाही. तिथं टाकी घ्यावी लागेल. मग ड्रेन रोज उघडा आणि महिन्यातून एकदा टाकीची येणारी हवा बंद करून, नॉन-रिटर्नच्या अलीकडची लाइन रिकामी करून गेज उतरतो का ते पाहा. सहा इंचांपर्यंतच्या वाफेच्या व्हॉल्व्हला मी तरी स्प्रिंगच घेईन.

आमच्याकडे दर शनिवारी शिफ्ट बदलताना अ‍ॅक्च्युएटरला हवा सोडणाऱ्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा) पुरवठा तोडून पाहतात. व्हॉल्व्ह मिटल्याचा ठक्क आवाज कंट्रोल रूमपर्यंत येतो.