सकाळची तीन पानं की रात्रीच्या पाच ओळी?

भाचीला नोकरी सांभाळून रोज लिहायचंय, पण सकाळी उठल्यावर मनात येईल ते तीन पानं लिहायचं की रात्री दिवसाबद्दल पाच ओळी, ते ठरत नाहीये.

हाताने तीन पानं म्हणजे अर्धा-पाऊण तास, तोही डबा आणि लोकलच्या आधीचा. पाच ओळींना पाच मिनिटं पुरतात. खर्च किरकोळ: २०० पानी वही सकाळी दोन महिने पुरते, रात्री वर्षभराहून जास्त.

खरा फरक हाती काय लागतं यात आहे. सकाळचं पहिलं पान तक्रारी आणि वाण्याच्या यादीतच जातं. तिसऱ्यावर कधीतरी कथेचं बीज सापडतं. रात्री दिवसातला नेमका तपशील उतरतो: भाजीवालीने मेथीच्या जुडीवर शिंपडलेलं पाणी, तिच्या बांगड्यांची किणकिण.

लिखाण अडलं असेल तर सकाळ. घरात तान्हं मूल किंवा लांबचा प्रवास असेल तर रात्रीच्या पाच ओळी. भाचीला मी त्याच सुचवल्या.