जुन्या आय५ला आरएक्स ६६०० झेपतं का?

रेडियन आरएक्स ६६०० हे काही नवं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं कार्ड) नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेलं, आणि मी घेतलं तेही वापरलेलंच. तरी लिहायला बसले, कारण या कार्डाची बहुतेक परीक्षणं नव्याकोऱ्या प्रोसेसरवर केलेली असतात. ज्याच्या टेबलाखाली २०१४चा डबा घरघरतोय, त्याने ते आकडे घेऊन करायचं काय?

माझा डबा असा: इंटेल कोअर आय५-४५९० प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर३ रॅम आणि जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय. दिवसभर त्यावर हिशेबाची कामं, रात्री सगळे झोपले की माझा गेम. ७५० टीआयने बरीच वर्षं इमानाने काढली, पण त्याच्या २ जीबी मेमरीत आता काही मावत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ सगळं 'लो'वर ठेवलं तरी दूरचे डोंगर चिखलाच्या गोळ्यासारखे दिसायचे.

हेच कार्ड का, याचं उत्तर मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये आहे. कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी वाट म्हणजे पीसीआयई. आरएक्स ६६०० पीसीआयई ४.०च्या ८ लेन, म्हणजे मार्गिका, वापरतं. आपल्या जुन्या बोर्डवर ३.० असतं, म्हणजे वेग निम्मा. तरी सेकंदाला जवळपास ८ जीबीची वाट मोकळी राहते आणि खेळताना फरक जाणवत नाही. याच घराण्यातलं स्वस्त कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी. त्याला लेन ४च आणि मेमरीही ४ जीबी. ते ३.०वर बसवलं की वाट आणखी निम्मी होते. मेमरी भरली की कार्ड सारखं रॅमकडे धावतं, आणि ती वाट अरुंद असल्याने गेम जागच्या जागी थबकतो. नव्या बोर्डवर चालून जाणारं कार्ड जुन्या बोर्डवर असं अंगाशी येतं. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्यांचा दम निघतो, आणि या काळातल्या बोर्डांवर ती सोय सहसा नसतेच. एक लक्षात ठेवा: बोर्ड एच८१ चिपसेटचा असेल तर त्यावर पीसीआयई २.०च मिळतं. तिथे जीटीएक्स १६६० सुपर मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याला पूर्ण १६ लेन आहेत.

पॉवर सप्लाय बदलावाच लागला. ७५० टीआय स्लॉटमधूनच वीज घ्यायचं, या कार्डाला ८ पिनांची वेगळी केबल लागते. कार्डाची भूक १३२ वॉट, म्हणजे फार नाही. बऱ्यापैकी कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय पुरतो. मोलेक्समधून (जुन्या ४ पिनांच्या प्लगमधून) जोडणी काढून देणारे अडॅप्टर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि हो, सप्लाय वापरलेला घेऊ नका. कार्ड जुनं चालेल, हा नाही. तयार ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर आधी कॅबिनेट उघडून बोर्डाचं वीजकनेक्टर बघा. काहींचं नेहमीच्या २४ पिनांचं नसतंच.

आता खेळ. रेड डेड १०८०पीवर, बहुतेक सेटिंग 'हाय', आणि सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम. गावात शिरलं की थोडी घसरण. एल्डन रिंग तसंही ६०वर बांधलेलं आहे, ते निवांत चालतं. सायबरपंक २०७७ने मात्र आय५चं पितळ उघडं पाडलं. रिव्हाट्यूनर या मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आलेख स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून मी बाजारातल्या गर्दीत शिरले. प्रोसेसर चारही कोअरवर १००ला टेकलेला, कार्ड जेमतेम अर्ध्यावर, आणि फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची) रेघ सारखी उसळतेय. सरासरी फ्रेम कागदावर बरी होती. खेळताना दर काही पावलांनी ठेच. म्हणून सरासरीवर जाऊ नका, सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेम किती ते बघा.

यावर उपाय म्हणजे त्याच ११५० सॉकेटचा वापरलेला आय७-४७९०. कोअर चारच, पण थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) आठ. दोघांचीही उष्णता ८४ वॉटची, त्यामुळे कूलर तोच ठेवला. फक्त वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. कूलरच्या पिना जपून फिरवा, जुनं प्लास्टिक कट्‌कन मोडतं. बदल केल्यावर त्याच बाजारात रेघ बरीच सरळ झाली. शिवाय माझा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा, म्हणून फ्रेमही ६०वर बांधून टाकल्या. प्रोसेसरला श्वास मिळतो आणि कार्डाचे पंखे इतके हळू फिरतात की शेजारच्या खोलीतून तक्रार आलेली नाही.

रॅमचा तुमच्याकडे एकच दांडा असेल तर आधी दुसरा लावा, ड्युअल चॅनेल होऊ द्या, म्हणजे दोन्ही दांडे एकत्र काम करतील. गेम साटा एसएसडीवर हवेतच, त्यावर वाद नको. एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून बूट होणं या बोर्डांना सहसा जमत नाही, तेव्हा त्यात पैसे अडकवू नका.

खटकतं ते कार्डात नाही, विंडोजमध्ये. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर बसत नाहीत. विंडोज ११ कसंबसं घुसवता येतं, पण तिथे व्हॅलरंट या ऑनलाइन गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. मुख्यतः तेच खेळणार असाल तर या जुन्या डब्यावर खर्च करूच नका. माझ्यासारखे एकट्याने खेळायचे गेम असतील तर आरएक्स ६६०० खुशाल घ्या. उद्या बोर्ड आणि प्रोसेसर बदलले तरी कार्ड, सप्लाय आणि एसएसडी तिघंही नव्या मशीनमध्ये जातील. फक्त कॅबिनेट पातळ, आडव्या ठेवणीचं असेल तर हे कार्ड त्यात मावणार नाही. तिथे अर्ध्या उंचीचं जीटीएक्स १६५० शोधा.