लमाश्तू आणि ओबिझूथ : बाळंतिणीच्या दोन वैरिणी

मेसोपोटेमियातील लमाश्तू ही आकाशदेव अनूची मुलगी. सिंहाचे डोके, गाढवाचे दात आणि शिकारी पक्ष्याचे पंजे असलेली ही देवकन्या दुष्ट स्वभावामुळे स्वर्गातून हाकलली गेली आणि गरोदर स्त्रियांवर, तान्ह्या बाळांवर टपून राहू लागली. तिच्यावरचा उतारा मला विलक्षण वाटतो, कारण पाझूझू या दुसऱ्या भयंकर दैत्याची प्रतिमा बांधून तिला पळवले जाई, शिवाय फणी, चाती अशा बायकी वस्तू वाटेसाठी देऊन तिची पाताळात पाठवणीही केली जाई. भीतीच्या मुळाशी येथे समजूत घालण्याची वृत्ती आहे.

ओबिझूथ ही दुसरी वैरीण भेटते ती बायबलमधील शलमोन राजाच्या नावावरील, आरंभीच्या ख्रिस्ती शतकांतील एका ग्रीक ग्रंथात. विस्कटलेल्या केसांची ही बाई रात्री प्रसूतिगृहे शोधत फिरते आणि बाळांचा गळा घोटते. तिला दैत्य नव्हे, देवदूत राफाएल आवरतो, आणि त्याचे नाव लिहून ठेवले की ती पळते. शलमोन तर तिला केसांनीच आपल्या यरुशलेमच्या मंदिरासमोर टांगतो. तिच्या वाट्याला पाठवणी येत नाही, येते ती जाहीर शिक्षा.