फार्मसीला जायच्या आधी: मेडिकलवर बसावं की हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक व्हावं?

सीईटी देऊन झाली की फार्मसीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या हाताशी बराच मोकळा वेळ असतो. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, बरेचदा लांबतात. इंजिनिअरिंगला गेलेले मित्र वर्गात बसायला लागतात, तरी इकडे कॉलेज ठरलेलं नसतं. या वेळात काय करावं, यावर घरोघरी एकच सल्ला मिळतो: "ओळखीच्या मेडिकलवर जाऊन बस, चार औषधांची नावं तरी कळतील." एखाद्या हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जा, असं फारसं कुणी सुचवत नाही. मी दोन्ही केलं, आधी मेडिकल आणि मग पुण्यातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. डी.फार्म (पदविका), बी.फार्म (पदवी) की फार्म.डी (सहा वर्षांचा अभ्यासक्रम) हा घोळ ज्यांच्या डोक्यात चालू आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. अभ्यासक्रमांचे तपशील तुम्ही पाहिलेच असतील, ते पुन्हा सांगत बसत नाही.

मेडिकलची सगळ्यात मोठी सोय म्हणजे तिथे शिरायला काही लागत नाही. वडिलांनी किंवा मामांनी एक फोन केला की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काउंटरच्या आत. एजन्सीकडून आलेला माल बिलाशी ताडून घ्या, रॅक लावा, मुदत संपत आलेली औषधं परत पाठवायला वेगळी काढा, अशी कामं लगेच मिळतात. ब्रँडच्या नावामागे कुठलं औषध आहे ते हळूहळू डोळ्यांत बसतं, आणि डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय होते, जी पुढे कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. शेड्यूल एच१चं रजिस्टर मी पहिल्यांदा तिथेच उघडून पाहिलं. २०१४पासून हे रजिस्टर सक्तीचं आहे. काही ठराविक अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या दिल्या की डॉक्टर कोण, रुग्ण कोण, किती दिल्या हे लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. ते कोण किती मनापासून भरतं, यावरून त्या दुकानाची पारख करता येते.

धंद्याचं गणितही मेडिकलवरच कळतं. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात, ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं त्यांत किरकोळ विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरलेला आहे. त्यातून भाडं, पगार, वीजबिल, गिऱ्हाइकांची उधारी आणि फ्रिज चोवीस तास चालू ठेवायचा खर्च काढायचा. पुढे स्वतःचं दुकान टाकायचा विचार असेल तर हे सगळं काउंटरच्या आत उभं राहून बघितलेलं केव्हाही चांगलं.

हॉस्पिटलचं तसं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकांसाठी ठरलेली योजनाच नसते. समाजसेवा विभागात जाऊन विचारायचं, अर्ज लिहायचा, कॉलेजचं पत्र जोडायचं, अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांची संमती द्यायची. अकरावी-बारावीत एनएसएस केलं असेल तर ते प्रमाणपत्र उपयोगी पडू शकतं. कावीळ बीची लस घेतली नसेल तर आधी घेऊन टाका, हा माझा आग्रहाचा सल्ला. एवढं करून आत गेलात तरी सुरुवातीला औषधांशी तुमचा संबंध येईलच असं नाही. केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना फॉर्म भरून देणं, व्हीलचेअर ढकलणं, एक्स-रे कुठल्या मजल्यावर ते दाखवणं, हीच कामं असतात. काही जण तेवढंच करून परत येतात आणि फार्मसीची खिडकी त्यांनी बाहेरूनच पाहिलेली असते. अशांची नाराजी मला पूर्ण पटते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच लागू आहे. १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध काढून द्यायचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचाच आहे. हॉस्पिटलमध्ये तुमच्या हाती औषध देण्याचं काम सहसा कुणी सोपवत नाही. मेडिकलवर संध्याकाळच्या गर्दीत "अरे, तेवढं देऊन टाक त्यांना" असं सहज म्हटलं जातं. तिथे शांतपणे "काका, तुम्हीच द्या" म्हणायची तयारी ठेवा. कुणी रागावत नाही.

आता, ज्या एका गोष्टीने माझं ठरलं तिच्याकडे येतो. ती म्हणजे कापलेली स्ट्रिप.

दहा गोळ्यांची स्ट्रिप, गिऱ्हाइकाला हव्यात दोन किंवा तीन. रोजंदारीवर जगणारा माणूस एका वेळी दहा गोळ्या घेत नाही, त्याच्याकडे तेवढे पैसे नसतात, आणि त्याला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे काउंटरवर कात्री सतत चालू. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. समजदार फार्मासिस्ट दुसऱ्या टोकाकडून कापतो, म्हणजे तारखेचा भाग दुकानात राहतो. पण मग गिऱ्हाइकाच्या हातात काय जातं? ज्यावर तारीख नाही, बॅच नाही आणि पुष्कळदा औषधाचं पूर्ण नावही नाही असा चंदेरी तुकडा. कात्री उलट बाजूने चालली तर तोच बिननावाचा तुकडा ड्रॉवरमध्ये पडतो. माझ्याकडे तो ड्रॉवर आवरायचं काम होतं. नुसत्या रंगावरून आणि उरलेल्या दोन अक्षरांवरून तुकडे जुळवायचे, जुळले नाहीत तर दुकानातल्या काकांना विचारायचं. काका जुने, अनुभवी, सचोटीचे होते, त्यांना बहुतेक सगळे ओळखू यायचे. पण तुकडा घेऊन गेलेल्या माणसाचं काय? त्याने पाच दिवसांच्या अँटिबायोटिकमधल्या दोनच गोळ्या घेऊन सोडून दिलं की उरलेल्या दुसऱ्या दुकानातून घेतल्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. बिल झालं की विषय संपायचा. मला याचा इतका त्रास व्हायचा की रात्री घरी जेवताना मी तेच बोलत असे.

तोच तुकडा मला पुढे हॉस्पिटलमध्ये उलट बाजूने भेटला. तिथल्या फार्मसीच्या मॅडम वॉर्डात नवीन रुग्णाकडे जाऊन घरी कुठली औषधं चालू आहेत ते लिहून घ्यायच्या. कागद-पेन धरायला आणि नातेवाइकांना बोलावून आणायला मी सोबत असायचो. एकदा चक्कर येते म्हणून दाखल झालेल्या आजोबांच्या सुनेने कापडदुकानाची एक पिशवी पलंगावर उपडी केली. आतून तुकडेच तुकडे निघाले. मॅडमनी ते चादरीवर रांगेत मांडले, एकेक उचलून उजेडाकडे धरला.

"आजोबा, यातली सकाळची कुठली?"

"ही पांढरी. आन् ती दुसरी बी सकाळचीच, बारकी."

"ती आमच्या इथल्या डॉक्टरांनी दिली, आणि ही गावाकडच्या," सून म्हणाली.

नाव कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नव्हतं. मॅडमनी सुनेला जुन्या चिठ्ठ्या आणि बिलं मागवून घ्यायला सांगितलं. ती आल्यावर दिसलं की दोन्ही गोळ्या एकाच औषधाच्या, अॅम्लोडिपिनच्या, फक्त कंपन्या वेगळ्या. रक्तदाबाच्या त्याच औषधाच्या आजोबा रोज दोन गोळ्या घेत होते, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मॅडमनी ते ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, केसपेपरवर लिहिलं, आणि घरी जाताना सुनेला एका कागदावर सकाळ-दुपार-रात्र अशा तीन रकान्यांत सगळं मांडून दिलं. यात औषध विकण्याचा भाग कुठेच नव्हता. हेही फार्मासिस्टचं काम असतं, हे तोवर मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर इन्हेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणाऱ्या मावशी पाहिल्या. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं म्हणून फ्रिजच्या दारावर लावलेला, सही-सकट भरायचा तापमानाचा तक्ता पाहिला. वॉर्डातून परत आलेली औषधं बॅच आणि तारीख तपासल्याशिवाय साठ्यात घ्यायची नाहीत, यावर सिस्टर आणि फार्मसी यांच्यात होणारी बाचाबाचीसुद्धा ऐकली. तारखेचा भाग नसलेला तुकडा तिथे सरळ बाद व्हायचा. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

माझा अनुभव सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. मी बसलो ते मेडिकल गर्दीच्या रस्त्यावर होतं. तालुक्याच्या गावी फार्मासिस्टच घरातल्या तिघांची औषधं तोंडपाठ सांगतो आणि "मागच्या वेळचा खोकला गेला का?" म्हणून विचारतो, अशी दुकानं मी पाहिली आहेत. तसं दुकान जवळ असेल तर तिथे जरूर बसा. उलट हॉस्पिटल चांगलं असूनही तुम्हाला फक्त रांग सांभाळायला ठेवलं, तर महिनाभराने तोच तो कंटाळा येईल. आणि ज्यांचा कल वाळूज, तारापूर किंवा गोव्यातल्या वेर्णासारख्या ठिकाणच्या औषध कारखान्यांकडे आहे, त्यांना या दोन्ही ठिकाणी फारसं काही हाती लागणार नाही.

तरी एक व्यवहाराची बाजू पाहा. डी.फार्म केलंत तर शेवटी ५०० तासांचं प्रशिक्षण करावंच लागतं, आणि त्यातले निम्मे तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याच्या कामात घालवायचे असतात. आपल्याकडे ते अनेक जण मेडिकलवरच पूर्ण करतात. आत्ता बसलेला वेळ त्यात धरला जात नाही. म्हणजे काउंटर पुढे भेटणारच आहे. वॉर्ड भेटेलच असं नाही, विशेषतः डी.फार्म आणि बी.फार्मच्या मुलांना. फार्म.डीचा विचार करणाऱ्यांनी तर हॉस्पिटल पाहिल्याशिवाय अर्जच भरू नये असं मला वाटतं. सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं अख्खं वर्ष हॉस्पिटलमध्ये जातं, आणि क्लिनिकल फार्मासिस्टची, म्हणजे वॉर्डात रुग्णांच्या औषधांकडे बघणाऱ्या फार्मासिस्टची, पदं आपल्याकडे अजूनही मोजक्याच हॉस्पिटलांत आहेत. आजारी माणसाच्या पलंगाशेजारी उभं राहून त्याच्या औषधांबद्दल बोलणं आपल्याला आवडतं की नकोसं होतं, हे आधीच कळलेलं बरं.

जाणार असाल तर अर्जात नुसतं "सेवा करण्याची इच्छा आहे" असं लिहू नका. फार्मसीला जायचं आहे, म्हणून फार्मसी विभागात किंवा फार्मासिस्टबरोबर वॉर्डात काही तास मिळावेत, असं स्पष्ट मागा. समाजसेवा विभागाने होकार दिला तरी फार्मसीच्या मुख्य फार्मासिस्टना स्वतः जाऊन भेटा, कारण तुम्हाला आत घ्यायचं की नाही हे शेवटी तेच ठरवतात. सकाळी ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी रांग ओसरली की जा, सोबत छोटी वही न्या, आणि वॉर्डात रुग्णांच्या औषधांची चौकशी करायला कोण जातं ते पहिल्याच भेटीत विचारा. कुणीच जात नसेल, तर दुसरं हॉस्पिटल बघा.